सार्जंटचं फावडं

२ फेब्रुवारी, रविवार

टिल्लू,

तुझा पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मास्तरनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस. चष्म्याची दांडी सैल झाल्याचं निमित्त करून मी त्याच्या दुकानात गेले आणि दांडी घट्ट झाली तरी स्टुलावरून उठलेच नाही. गिऱ्हाईकं तुंबली. शेवटी बिचाऱ्यानं बिलाच्या पाठीमागे पत्ता खरडून दिला. म्हणाला, "काकू, मी दिला म्हणून सांगू नका." सांगितलं बघ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे हात अडखळणार नाही. फावडं माळ्यावर आहे हे बाबांना मीच सांगितलं. तुला ते त्याच दिवशी कळलं होतं. वर्कशॉपमध्ये बाबा त्या फावड्यावर कटर चालवत होते, तुझे मित्र दारात उभे होते, आणि तू बाबांकडे बघतच नव्हतास. ठिणग्यांच्या पलीकडून माझ्याकडे बघत होतास. "आई, मला विचारायचं तरी होतंस." एवढंच बोललास आणि संध्याकाळी बॅग भरलीस.

का सांगितलं, तेही लिहिते. माळा झाडताना हाताला गार लोखंड लागलं. गोणपाट उलगडलं तर ते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेलं, दांड्याला चामड्याची पट्टी गुंडाळलेली, एका कडेला धार. त्या दिवसांत तुझं आणि बाबांचं रोज वाजत होतं. गेटाच्या मापावरून वाजायचं, नाहीतर रविवारी तू खेळायला जातोस त्यावरून. एकदा तू हातोडा असा आपटलास की फरशी तडकली. मी माळ्यावर उकिडवी बसून त्या धारेवरून बोट फिरवलं. खेळातल्या तुझ्या शिपायाकडे असतं तसं हौसेनं बनवलं, असं तू नंतर म्हणालास. पण तेव्हा मला दोनच गोष्टी दिसत होत्या. ती धार, आणि तुझा राग.

आईला मुलाची भीती वाटली. हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघत बसलेय. खोडणार होते. राहू दे.

आज तुझे मित्र घरी आले होते, तुझा खेळाचा डबा मागायला. मी चहा केला, डबा दिला, ते गेले. बाकी काही नाही.

वेळेवर जेवत जा.

आई


१७ फेब्रुवारी, सोमवार

टिल्लू,

"बाकी काही नाही" असं लिहिलं होतं मी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? डबा मी दिलाच नाही.

तिघं बाहेरच्या खोलीत शाळेत शिक्षा झाल्यासारखे ओळीनं बसले होते. मास्तर चष्मा पुसत होता. लांब्याचे गुडघे टेबलाला लागत होते. पार्सलं वाटताना बिचारा त्या छोट्या गाडीत कसा मावतो देव जाणे. चिमणीच्या नखांत अजून पांढरा चुरा होता. दातांच्या कवळ्या बनवते ना ती, रविवारीही काम होतं म्हणाली.

"डबा कशाला हवाय?" मी विचारलं.

"काकू, सार्जंट तापानं पडलाय," मास्तर म्हणाला.

"कोण सार्जंट?"

"त्याचा. म्हणजे, तुमचाच म्हणा."

मग तिघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, मला तुमचा खेळ समजावला. इतकी वर्षं तू दर रविवारी जात होतास आणि मी एकदाही धड विचारलं नव्हतं. मोठं युद्ध होऊन गेलंय. कोण जिंकलं कुणालाच माहीत नाही. शहरं ओस पडलीत. एक मोडकी पलटण पायी घरी निघालीय, आणि तुम्ही प्रत्येकजण त्यातला एकेक शिपाई. पुढे काय वाढून ठेवलंय ते मास्तर सांगतो, बाकीचं फासे ठरवतात. तू गेलास तेव्हा सार्जंटला मधेच मारणं कुणाला जमेना, म्हणून मास्तरनं त्याला ताप आणला. तेव्हापासून हे त्याला स्ट्रेचरवर घालून चाललेत.

"किती दिवस वाहायचं?" लांब्या म्हणाला. "स्ट्रेचरला दोन माणसं अडकतात. हात मोकळे नसतात, दर वेळी मार खातो आम्ही. एखादं चांगलं गाव बघून त्याला तिथे ठेवावं म्हणतोय."

"आजारी माणसाला टाकून जाणार?" माझा आवाज चढला.

"काकू, तो कागदावरचा आहे."

"कागदावरचा असला तरी माझ्या मुलाचा आहे ना?"

मी डबा उघडला. कापसात तो निजला होता. अंगठ्याच्या पेराएवढा माणूस, पाठीवर भाताच्या दाण्याएवढं फावडं. चिमणी म्हणाली, त्याचे डोळे तू ब्रशच्या एकाच केसानं रंगवलेस. तिला ते रंगवताना बघायला मिळालं. मी स्वयंपाकघरातून "लाइट किती जाळतोस" म्हणून ओरडले असणार.

"मी येते," मी म्हटलं. "तो परत येईपर्यंत याला मी सांभाळते."

काल गेले. बाबांना सांगितलं की आमच्या लाँड्रीतल्या प्रेसवालीचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, तिच्याजवळ बसायला जाते. नवऱ्याशी खोटं बोलले, तेही एका धडधाकट बाईचा पाय मोडून.

तुला न विचारता तुझ्या माणसाला हात लावला. हे दुसऱ्यांदा झालं, कळतंय मला. नको असेल तर मास्तरला तसं कळव. मी त्याला परत कापसात ठेवीन.

आई


३ मार्च, सोमवार

टिल्लू,

तू काही कळवलं नाहीस, म्हणजे चालेल असं मी धरून चाललेय. सोयीचं आहे ते.

चष्म्याच्या दुकानावरची ती खोली मला आवडली. भिंतीवर डोळे तपासायचे तक्ते, वरची अक्षरं मोठी, खालची मुंगीएवढी. विचार करताना मी त्यांच्याकडे बघते आणि लांब्या म्हणतो, "काकू, तिथे उत्तर लिहिलेलं नाही."

खेळात सगळ्यांकडे मिळून मूठभर गोळ्या उरल्यात, त्यामुळे बंदुका नुसत्या खांद्यावर मिरवायच्या. खरं काम हातातल्या हत्याराचं. चिमणीची संगीन झाडूच्या दांड्याला तारेनं बांधलीय. लांब्याकडे नळाचा मोठा पाना. पहिल्या दिवशी मी म्हटलं, गोळ्या जास्त का नाही देत यांना? मास्तर म्हणाला, "काकू, गोळी लांबून मारता येते. हातातल्या हत्यारासाठी जवळ जावं लागतं. समोरच्याचे डोळे दिसतात. मग माणूस विचार करतो." लेन्स घासणारा पोरगा, पण बोलतो कसा बघ.

मी कशी खेळते ते ऐक आणि हस. मी सार्जंटला कायम मागे ठेवते. दार उघडायचं असेल तर "लांब्या, तू हो पुढे." विहिरीत उतरायचं असेल तर सार्जंटची पाठ दुखते. मागच्या रविवारी कुत्र्यांचा कळप आला तर मी त्याला ट्रकच्या टपावर चढवून बसवलं. खाली चिमणीच्या पायाचा लचका गेला.

"काकू, सार्जंट आहे तो," लांब्या वैतागून म्हणाला. "पोराला शाळेत सोडल्यासारखं काय करताय?"

"ताप आत्ताच उतरलाय त्याचा," मी म्हटलं. हसले सगळे. चिमणीही हसली, पण तिनं आपल्या कागदावर जखम लिहिली तेव्हा मला कसंतरी झालं. आपलं जपायचं म्हणजे दुसऱ्याचं जाऊ द्यायचं, असं होतं का नेहमी?

मग मी विचारलं, की तू काय केलं असतंस. ट्रकवरून उडी मारून फावडं चालवलं असतंस ना?

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चालवलं असतं," मास्तर म्हणाला. "ट्रकच्या पत्र्यावर. आवाज करून पळवलं असतं."

"दोन वर्षं खेळतोय आम्ही," लांब्या म्हणाला, "यानं त्या फावड्यानं एकदाही माणूस मारला नाही. मारामारी आमच्या वाट्याला, आणि हा नंतर खड्डे खणत बसणार. शत्रू असला तरी पुरायचा. उघड्यावर टाकून पुढे जायचं नाही. आम्ही बोंबलायचो याच्या नावानं, उशीर होतोय म्हणून."

"मग धार कशाला?" मी विचारलं. खरं तर मी खेळातलं विचारत नव्हते.

"मुळं तोडायला," चिमणी म्हणाली. "जमिनीत मुळं असतात ना, काकू. खणताना आडवी येतात."

घरी चालत आले. बस दोनदा शेजारून गेली, हात केला नाही. बाबांनी विचारलं, प्रेसवाली कशी आहे? म्हटलं, दुखतंय.

आई


१० मार्च, सोमवार

टिल्लू,

काल खेळ झाला. ठीक झाला. सार्जंट सुखरूप आहे.

इकडे सगळं नेहमीसारखं. लाँड्रीत ऑपरेशनच्या गाऊनचा मोठा ढीग शिवायला आलाय. आज एका गाऊनची बाही मी उलटी शिवली. सुपरवायझर म्हणाल्या, डोळे तपासून घ्या.

जास्त लिहीत नाही.

आई


१२ मार्च, बुधवार

टिल्लू,

ठीक झाला नाही. सार्जंट सुखरूप आहे तेवढं खरं, आणि तोच काटा घशात अडकलाय.

आम्ही एका ओसाड दूध डेअरीत थांबलो होतो. चिमणी जखमी, लांब्या झोपलेला. दारावर पहारा माझा. म्हणजे सार्जंटचा. बाहेर धुळीचं वादळ, चार हातांपलीकडचं दिसत नाही. मास्तर हळू आवाजात सांगत होता, आणि मी तक्त्याकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"धुळीतून एक माणूस येतोय. लंगडत. एक हात पोत्यात."

"कोण आहे म्हणून विचारते," मी म्हटलं.

"विचारलंत. तो बोलत नाही. चालत येतोय."

"हातात काय आहे?"

"दिसत नाही. हात पोत्यातच आहे."

चिमणी म्हणाली, "काकू, परत विचारा. थांब म्हणा त्याला. घाई नका करू."

मला ऐकू आलं ते. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे तो पेराएवढा सार्जंट होता, तुझ्या हातानं रंगवलेल्या डोळ्यांचा, आणि समोर एक पोतं, त्यात एक हात. आपण चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर आहोत हे मी साफ विसरले.

"मारते," मी म्हटलं.

"काय?"

"फावड्यानं. तो आत यायच्या आधी."

मास्तरनं फासे माझ्याकडे सरकवले. जन्मात कधी माझं दान पडलं नाही, रे. शाळेत सापशिडी खेळताना सुद्धा मी तळालाच असायची. रविवारी पडलं. यापेक्षा मोठं दान पडतच नाही.

मास्तरनं पेन्सिल खाली ठेवली. "तो पडला," तो म्हणाला. "पोत्यातून हात बाहेर आला. हातात औषधांची पिशवी आहे. चिमणीची."

चिमणी म्हणाली, "ती मी नदीकाठी विसरले होते."

तो मुका होता, टिल्लू. नदीपासून आमच्या मागे चालत आला होता, पिशवी परत द्यायला. मास्तरनं त्याला पोत्यात हात घालायला लावलं, कारण त्याला वाटलं, तरीही हा शत्रू नाही हे सार्जंट ओळखेल. तुझ्या सार्जंटनं ओळखलं असतं.

कुणी माझ्यावर ओरडलं नाही. लांब्यासुद्धा नाही, तो तर बोलायची संधी सोडत नाही. तो नुसता म्हणाला, "दोन वर्षांत पहिल्यांदा," आणि मग बोलून गेल्याचं त्यालाच वाईट वाटलं.

मास्तर म्हणाला, "काकू, खोडून टाकू का हे? तुम्ही नवीन आहात. दार उघडण्यापासून परत सुरू करू. झालंच नाही असं धरू."

मी नाही म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. खोडलं असतं तर चहा पिऊन घरी आले असते, आणि सार्जंटचे हात तुझ्यासारखेच स्वच्छ राहिले असते. पण मला झालंच नाही म्हणायची चीड आली. गेले कित्येक महिने मी घरात तेच करतेय. शेजारी विचारतात मुलगा कुठे, मी म्हणते मोठ्या कारखान्यात नोकरी लागली, बोटी बांधतात तिथे. झालंच नाही काही.

"राहू दे," मी म्हटलं. "केलंय मी."

मग धूळ बसायला लागली, लांबून माणसांचे आवाज आले, आणि आम्ही पळालो. पिशवी घेतली. तो तिथेच दारात राहिला.

साप साप म्हणून भुई धोपटायची माझी जुनी खोड. पण भुई धोपटली तर भुईला लागत नाही. तुझं तसं नव्हतं. त्याचंही नव्हतं.

खेळच तो, असं मी स्वतःला बसमध्ये सांगत होते. शेजारच्या बाईनं रुमाल दिला.

आई


१८ मार्च, मंगळवार

टिल्लू,

काल मास्तर लाँड्रीत आला. जेवणाच्या सुट्टीत, शिवणखोलीच्या दारात, वाफेनं चष्मा पांढरा झालेला. आम्हा बायकांच्यात तो इतका लाजला की मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं.

"काकू, त्याचा फोन आला होता," तो म्हणाला. "मी दर आठवड्याला त्याला सांगतो काय झालं ते. तुम्हाला बोललो नाही."

म्हणजे तुला सगळं आधीच माहीत होतं. कुत्रे, ट्रकचा टप, सगळं. मी इथे पत्रांत काय लपवू नि काय सांगू करत बसले होते.

"मग? काय म्हणाला?"

"डेअरीचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, 'तिनं त्याला पुरलं का?'"

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच विचारलं."

माझ्या मशीनखाली अर्धा शिवलेला गाऊन होता. मी पायडलवर पाय ठेवला, काढला, परत ठेवला. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तू मारलं का असं विचारलं नाहीस. पुरलं का विचारलंस. आणि पुरायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पिशवी घेतली आणि पळाले.

रात्रीच्या जेवणाआधी मी बाबांना सगळं सांगून टाकलं. प्रेसवालीच्या पायापासून सुरुवात केली.

"तो पाय मला माहीत आहे," ते म्हणाले. "परवा वर्कशॉपवर आली होती, खिडकीची जाळी करून हवी म्हणून. पायऱ्या चढून आली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जाऊन आलीस की घरात बोलायचीस जरा. म्हटलं, जाऊ दे."

मी त्यांच्यापुढे सार्जंटला ठेवलं. त्यांनी हात पुसले, दिवा जवळ ओढला आणि तो इवलासा माणूस फिरवून फिरवून बघितला. फावड्यापाशी थांबले.

"त्या मोठ्या फावड्याचं वेल्डिंग चांगलं होतं," ते म्हणाले. "धार मशीनवर नव्हती काढलेली. कानशीनं काढली होती. हातानं."

"मग कापलंत कशाला?"

"तू घाबरली होतीस."

मला वाटलं आता हे माझ्यावरच ढकलणार. पण ते दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मीही. पोरांसमोर कापायला नको होतं. एकट्यात बोलायला हवं होतं."

तुकडे कुठे आहेत, मी विचारलं. भंगारात गेले म्हणाले, त्याच आठवड्यात. ते परत येणार नाहीत. हे तुला खोटी आशा नको म्हणून लिहिते.

रविवारी मी डेअरीकडे परत जाणार आहे. बाकीचे येवोत न येवोत.

आई


२४ मार्च, सोमवार

टिल्लू,

मास्तरनं तुला सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक. त्याला सांगू नकोस म्हटलं होतं मी, पण त्याच्याही तोंडात तीळ भिजत नाही.

बाबांनी मला स्कूटरवर सोडलं. वर या म्हटलं तर नको म्हणाले, खाली दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, शटरची कडी हलवून बघत. ती ढिली झालीय म्हणे.

पलटण एका पुलाजवळ पोचली होती. पलीकडे सुरक्षित प्रदेश. पुलावरचे पहारेकरी बदलायचे होते, जुने ओळखीचे होते, ते आहेत तोवर पार व्हायचं असा लांब्याचा बेत. आणि मी म्हटलं, सार्जंट मागे फिरतोय.

लांब्या उखडला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "काकू, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं घालवायची? पूल हातातून जाईल."

"तुम्ही पार व्हा. मी एकटी जाते."

"एकटी जाऊन मराल. म्हणजे तोच मरेल."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. त्याला जपायला म्हणून मी या खेळात शिरले होते.

चिमणी म्हणाली, "पिशवी माझी होती. मी येते." लांब्यानं दोघींकडे बघितलं, कपाळावर हात मारला, आणि पाना उचलला. सबंध वाटेवर कुरकुरत होता. पण आला.

तो दारात तसाच होता. मास्तरनं ते वर्णन थोडक्यात केलं, माझ्यावर दया करून. जमीन दगडासारखी. खणायला फासे टाकायचे होते आणि माझं नेहमीचं नशीब परत आलं, एक दान लागेना. फावडं नुसतं खणखणत होतं. मुळं आडवी आली. चिमणीनं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

तेव्हा मास्तर म्हणाला, "समोर एक बाई उभी आहे. हातात कुऱ्हाड."

ती त्याची बहीण होती. त्याला शोधत आली होती.

"कोणी मारलं याला?" तिनं विचारलं. मास्तर बाईच्या आवाजात बोलला तरी कुणाला हसू आलं नाही.

लांब्या माझ्या कानाशी पुटपुटला, "लुटारू म्हणा. ती मानेल. म्हणा पटकन."

त्यानं माझ्या भल्यासाठीच सांगितलं. आणि मी तोंड उघडलं तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं कुठला शब्द बाहेर पडेल.

"मी," मी म्हटलं.

"का?"

"भीती वाटली. तो पिशवी द्यायला आला होता. मी विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि मी थांबले नाही."

"कुऱ्हाड वर गेली," मास्तर म्हणाला. "सार्जंट काय करतो?"

चिमणीनं संगीन धरली होती. लांब्या उठून उभा होता, खोलीत, खरोखरचा. मी म्हटलं, त्यांनी मधे पडू नये. आणि सार्जंट फावडं खाली ठेवतो.

"काकू, फावड्यानं घाव अडवता येतो. तेवढं तरी..."

"खाली ठेवतो."

मास्तरनं पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकले. आम्हाला आवाज आला, दिसलं नाही. तो खूप वेळ त्या फाशांकडे बघत राहिला. काय पडलं होतं ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असलं तर मला नको सांगूस.

"तिनं कुऱ्हाड खाली घेतली," तो म्हणाला. "ती पुढे आली. फावडं उचललं. म्हणाली, 'बाजूला हो. तुला खणता येत नाही.'"

तिनंच खणलं, टिल्लू. आम्ही माती ओढली. एकही शब्द बोलली नाही, माफ केलं असंही नाही. केलं नसेल. तिनं का करावं? सगळं झाल्यावर ती फावडं खांद्यावर टाकून आली तशी निघून गेली, आणि मी तिला हाक मारली नाही.

म्हणजे फावडं गेलं. घरातलं मी घालवलं आणि हेही मीच. पण हे दिलं, एवढाच फरक. तो तुला पुरेसा वाटावा असं मी म्हणत नाही.

जुने पहारेकरी बदलून गेले, पूल बंद. लांब्या माझ्याशी बोलत नव्हता, मग उतरताना जिन्यात म्हणाला, "काकू, सार्जंटनं हेच केलं असतं. तेव्हाही मी असाच बोंबललो असतो." खाली बाबांनी शटरची कडी बसवून टाकली होती, दुकानातलाच स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन. वाटेत म्हणाले, पुरलं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी घरापर्यंत खड्डे चुकवत स्कूटर सावकाश चालवली.

आता शेवटचं. सार्जंटला मी यापुढे खेळणार नाही. तो तुझा आहे. तू आलास तर, नाही आलास तरी. त्याला कुठल्याही गावात, चांगल्यासुद्धा, टाकून जायचं नाही असं मी मास्तरकडून कबूल करून घेतलंय. त्याला ताप नाही, तो आपल्या पायांवर चालेल, सगळ्यांच्या मागून.

मी माझं दुसरं पात्र घेतलंय. पलटणीची स्वयंपाकीण. मास्तर म्हणाला, हत्यार सांगा, प्रत्येकाकडे काहीतरी लागतंच. मी म्हटलं, मोठी पळी. लांब्याला हसू आवरेना. मास्तरनं मात्र गंभीरपणे लिहून घेतलं: पळी, घाव एक.

पलटण पुलाच्या अलीकडे थांबलीय. सार्जंट जरा लांब एका दगडावर बसलाय, कुणाशी बोलत नाही. न बोलू दे. रोज त्याचं ताट मी त्याच्यासमोर नेऊन ठेवीन, आणि परत येऊन माझ्या चुलीपाशी बसेन.

आई